ब्रेकर ऑफ दिसला म्हणून हात घालू नका, आधी स्प्रिंग बघा

सबस्टेशनला नवीन आलेल्या पोराला मी पहिल्याच दिवशी सांगतो की फोनवर किंवा यार्डातून ओरडून "ब्रेकर बंद कर" असं कधीच म्हणायचं नाही. आपल्या बोलण्यात बंद म्हणजे सप्लाय गेला, आणि नुकतंच ट्रेनिंग करून आलेल्याच्या डोक्यात क्लोज म्हणजे बंद असं बसलेलं असतं, म्हणजे एकाने ऑफ कर म्हणून सांगायचं आणि दुसऱ्याने ऑन करून ठेवायचं, याला एक सेकंद पुरतो. म्हणून शब्द ठरलेले, ऑन आणि ऑफ, किंवा क्लोज आणि ट्रिप, आणि ऐकणाऱ्याने फीडरच्या (सबस्टेशनमधून बाहेर जाणाऱ्या लाईनच्या) नावासकट ते परत म्हणून दाखवायचे. मग पुढचं काम.

मी इथे बोलतोय ते आपल्या ३३/११ केव्ही सबस्टेशनमधल्या ११ केव्ही फीडरच्या व्हीसीबीबद्दल, म्हणजे व्हॅक्युम सर्किट ब्रेकरबद्दल. यार्डात उभा असलेला, वर तीन पोर्सिलेन आणि खाली पत्र्याचा किऑस्क असलेला असो, नाहीतर पॅनेलमधला ट्रॉलीवाला असो, आतला खेळ तोच.

प्रत्येक फेजला एक व्हॅक्युम बॉटल. बाहेरून सिरॅमिकचं नळकांडं, आत तांबं आणि क्रोमियमच्या मिश्रणाचे दोन कॉन्टॅक्ट, एक पक्का आणि एक हलणारा. हलणाऱ्या दांड्याभोवती पातळ स्टेनलेस स्टीलचं बेलोज असतं, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं घड्या घड्यांचं, त्यामुळे दांडा मागंपुढं होतो पण हवा आत शिरत नाही. ऑफ असताना दोन कॉन्टॅक्टमधलं अंतर किती, तर साधारण ८ ते १० मिलिमीटर, करंगळीच्या जाडीएवढंही नाही. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

काही जणांना वाटतं व्हॅक्युम आहे म्हणजे आत आर्क (कॉन्टॅक्ट सुटताना पेटणारी वीज) होतच नाही. होतो. आत हवा नाही, तेल नाही, त्यामुळे तो जळतो कॉन्टॅक्टच्याच धातूच्या वाफेत. आपला सप्लाय ५० हर्ट्झचा, म्हणजे करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, दर १० मिलिसेकंदाला एकदा, आणि त्या शून्याच्या क्षणी नवी वाफ यायची थांबते, जी आहे ती बॉटलच्या आतल्या धातूच्या शील्डवर आणि कॉन्टॅक्टवर जाऊन थिजते आणि गॅप परत रिकामा होतो, इतक्या झटपट की पुढच्या अर्ध्या सायकलला आर्क परत धरत नाही. पूर्वीच्या ऑइल ब्रेकरमध्ये चार मोठे फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखे बिघाड) तोडले की तेल काळं पडायचं, ते बदलायचं, फिल्टर करायचं. इथे तसलं काही नाही, आणि त्यामुळेच व्हीसीबीला मेंटेनन्स नसतो असा समज पसरलाय. बॉटलला जवळपास नसतोच, पण खालच्या मेकॅनिझमला असतो आणि भरपूर असतो.

आता मेकॅनिझम, आणि हा भाग सावकाश वाचा कारण बहुतेक अपघात इथेच होतात. आत मुख्य स्प्रिंगा दोन प्रकारच्या, एक क्लोजिंगची आणि एक ट्रिपिंगची. छोटी मोटर गिअर आणि रॅचेटमधून क्लोजिंग स्प्रिंग ताणते, साधारण १० ते १५ सेकंद घरघर आवाज येतो, मग लिमिट स्विच मोटरचा सप्लाय तोडतो आणि ताणलेली स्प्रिंग एका लॅचवर (खटक्यावर) अडकून राहते. फ्लॅग, म्हणजे समोरची अवस्था दाखवणारी पट्टी, बदलतो, स्प्रिंग चार्ज्ड. ऑनची कमांड दिली की क्लोज कॉइलची पिन लॅचला टिचकी मारते, स्प्रिंग सुटते, शाफ्ट फिरतो, इन्सुलेटेड रॉड तिन्ही बॉटलचे कॉन्टॅक्ट एकदम मिटवतात, आणि त्याच झटक्यात त्याच शाफ्टने ट्रिपिंगची स्प्रिंग ताणली जाऊन दुसऱ्या लॅचवर अडकते. म्हणजे ब्रेकर ऑन होता होताच स्वतःला ऑफ करायची ताकद भरून ठेवतो. ऑन आहे पण ट्रिप स्प्रिंग रिकामी आहे अशी अवस्था धडधाकट मेकॅनिझममध्ये नसतेच. मला या मशीनमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. फॉल्ट तोडायचं बळ फॉल्टच्या वेळी कुठून तरी आणायचं नाही, ते आधीच लॅचवर बसलेलं असतं, ट्रिप कॉइलने फक्त लॅच ढकलायचा.

ऑन झाल्या झाल्या मोटर परत चालू होते आणि क्लोजिंग स्प्रिंग पुन्हा भरते. म्हणजे चालू फीडरच्या ब्रेकरमध्ये दोन्ही स्प्रिंगा ताणलेल्या असतात, आणि मोटरचा सप्लाय गेला तरी तो एकदा ऑफ, एकदा ऑन आणि परत एकदा ऑफ होऊ शकतो. नेमप्लेटवर ओ, ०.३ सेकंद, सीओ, ३ मिनिट, सीओ असं लिहिलेलं असतं ते याच क्रमाचं, ओ म्हणजे ऑफ, सीओ म्हणजे ऑन होऊन लगेच ऑफ. पहिल्या पावसात फीडर ट्रिप झाला की वरून फोन येतात आणि आपण पटापट ट्राय घेत, म्हणजे परत परत ऑन करून बघत बसतो, तेव्हा त्या ३ मिनिटांची आठवण ठेवा.

एक अँटी पंपिंग रिले पण असतो. टीएनसी स्विच (कंट्रोल पॅनेलवरचा ट्रिप-न्यूट्रल-क्लोज स्विच) क्लोजवर धरून ठेवला आणि समोर फॉल्ट असेल तर ब्रेकर ऑन, ट्रिप, ऑन, ट्रिप असा खेळत बसू नये म्हणून तो क्लोजचं सर्किट तोडून ठेवतो. किऑस्कमधल्या हाताच्या मेकॅनिकल ऑन बटणाला मात्र हा रिले नसतो आणि तुम्ही ब्रेकरच्या अगदी पुढ्यात उभे असता, म्हणून ते बटण लाईव्ह बसवर (सप्लाय असलेल्या मुख्य पट्ट्यांवर) कधीच दाबायचं नाही, ते फक्त आयसोलेट केलेल्या, म्हणजे सप्लायपासून तोडून वेगळ्या केलेल्या ब्रेकरच्या टेस्टिंगसाठी. चालू फीडरवर ऑन करायचं ते कंट्रोल रूममधूनच.

आता डीसी. ट्रिप कॉइलची पिन हलवायला लागणारी वीज बॅटरीतून येते, कुठे २४ व्होल्ट, कुठे ३०, कुठे ११०. कॉइल चांगली असेल तर ७० टक्के व्होल्टेजलाही ट्रिप व्हायला पाहिजे, क्लोजला ८५ टक्के लागतात. फसवणूक होते ती अशी, की चार्जर चालू असताना मीटर छान व्होल्टेज दाखवतो आणि बॅटरीत दोन सेल मेलेले असतात. मग जवळचा मोठा फॉल्ट आला की सबस्टेशनचा स्वतःचा एसी सप्लाय पण खाली बसतो, चार्जर पडतो, आणि ज्या क्षणी ट्रिप कॉइलला करंट पाहिजे त्याच क्षणी बॅटरी हात वर करते. फीडर ट्रिप होत नाही, ३३ केव्हीचा इनकमर, म्हणजे सबस्टेशनला येणारा मुख्य सप्लायच, जातो, सगळा तालुका अंधारात, आणि तेवढा वेळ जळत राहते ती आपली केबल नाहीतर ट्रान्सफॉर्मर. म्हणून महिन्यातून एकदा चार्जरचा एसी काढायचा, बॅटरी नुसत्या लोडवर थोडा वेळ ठेवायची, प्रत्येक सेलचं व्होल्टेज लिहायचं, आणि शटडाऊन असेल त्या फीडरचा ब्रेकर नुसत्या बॅटरीवर ट्रिप करून बघायचा. पॅनेलवरचा ट्रिप सर्किट हेल्दीचा दिवा रोज शिफ्ट घेताना दाबून बघायचा, ब्रेकर ऑन असताना पण आणि ऑफ असताना पण. बल्ब गेलाय असं म्हणून सोडून द्यायचं नाही, बल्ब बदलून खात्री करायची.

आता मेकॅनिझमवर काम करायचंय, ग्रीसिंग असो, कॉइल बदलायची असो. क्रम असा. परमिट (कामाची लेखी परवानगी) घ्या. कंट्रोल रूममधून ब्रेकर ऑफ. मग दोन्ही बाजूचे आयसोलेटर (उघडलेले डोळ्याला दिसणारे ब्लेडचे स्विच) उघडा, तिन्ही ब्लेड खरंच सुटलेत ते डोळ्याने बघा, कुलूप घाला, ट्रॉलीवाला असेल तर ट्रॉली बाहेर. व्होल्टेज टेस्टरने सप्लाय गेल्याची खात्री करा आणि डिस्चार्ज रॉडने दोन्ही बाजूला अर्थ करा. नुसता ब्रेकर ऑफ आहे हे आयसोलेशन नाही, ते ८-१० मिलिमीटर आहे, आणि आतला व्हॅक्युम टिकून आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. लाईनच्या बाजूने जनरेटरचा, नाहीतर क्रॉसिंगवर दुसऱ्या फीडरची तार पडून बॅकफीड (उलटा सप्लाय) येऊ शकतो, म्हणून लाईन साइडचं अर्थिंग कधीच टाळू नका.

त्यानंतर मोटरचा एमसीबी ऑफ. हे विसरलात तर पुढचं सगळं फुकट, कारण स्प्रिंग सुटली की मोटर ती परत भरणार. आता मेकॅनिकल ऑन बटण दाबा. धाडकन आवाज येईल, क्लोजिंग स्प्रिंग रिकामी झाली, ट्रिपिंगची भरली. मग मेकॅनिकल ऑफ बटण दाबा, ती पण रिकामी. फ्लॅगवर ऑफ आणि स्प्रिंग डिस्चार्ज्ड असं दोन्ही दिसलं पाहिजे. ब्रेकर तुम्हाला ऑन अवस्थेत मिळाला असेल तर आयसोलेट करण्याआधी कंट्रोल रूममधून केलेला ऑफ धरून ऑफ, ऑन, ऑफ असं तीनदा. मग डीसीचे फ्यूज काढून खिशात ठेवा, किऑस्कमधल्या हीटरचा २३० व्होल्ट एसी वेगळा असतो तो पण काढा, आणि मगच कव्हर खोला. सीटीच्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) सेकंडरीच्या वायरी तिथूनच जातात, त्यातली एकही सैल सोडायची नाही.

हे मी इतकं लांबण लावून सांगतोय कारण माझ्यासमोर एका सहकाऱ्याचं बोट गेलंय. ब्रेकर ऑफ होता, आयसोलेटर उघडे होते, अर्थिंग होतं, विजेच्या बाजूने सगळं बरोबर. त्याने लॅचवरचा कचरा स्क्रूड्रायव्हरने उकरला आणि भरलेली क्लोजिंग स्प्रिंग सुटली. शाफ्ट फिरायला काही मिलिसेकंद लागतात, हात मागे घ्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. वीज नव्हती तरी ब्रेकरने मारलं.

हाताने स्प्रिंग भरायची वेळ आली तरी आधी मोटरचा एमसीबी ऑफ, मग हँडल, क्लिक आवाज आला आणि फ्लॅग बदलला की थांबायचं, आणि हँडल लगेच काढून ठेवायचं. हँडल तसंच लटकत ठेवून कुणी ऑन केलं तर ते गरकन फिरून मनगट मोडू शकतं.

कॉइल जळायच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात. कॉइल थोड्याच वेळाच्या करंटसाठी बनवलेली असते, ब्रेकर हलला की ऑक्झिलरी स्विच तिचा सप्लाय तोडतो. लॅच जाम असेल तर ब्रेकर हलत नाही, स्विच बदलत नाही, कॉइल काही सेकंदात धूर काढते, आणि आपण नवीन कॉइल बसवून मोकळे होतो. मूळ दुखणं सुकलेलं ग्रीस असतं. ब्रेकर सहा महिने हलला नाही की ते चिकट होतं, म्हणून शटडाऊन मिळेल तेव्हा दोन-चार वेळा ऑन ऑफ करून घ्या. जुनं ग्रीस कापडाने पूर्ण पुसा, मेकरने सांगितलेलंच ग्रीस पातळ लावा, ट्रकच्या चाकाचं नको. रॉकेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारला की त्या दिवशी मस्त चालतं, पण आहे ते ग्रीस धुऊन जातं आणि काही महिन्यांनी लॅच आधीपेक्षा वाईट अडकतो.

टेस्टिंगबद्दल एक गैरसमज काढायलाच पाहिजे. ऑफ ब्रेकरच्या दोन टोकांमध्ये ५ केव्हीचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, चांगली व्हॅल्यू आली, म्हणजे बॉटल चांगली, असं नाही. हवा साधारण दर मिलिमीटरला ३ केव्ही झेलते. बॉटल फुटून आत हवा भरली असली तरी ८ मिलिमीटरचा गॅप ५ केव्हीला काहीच दाद देणार नाही, मेगर ओकेच दाखवेल. व्हॅक्युम तपासायचा तर हाय पॉट, म्हणजे जास्त व्होल्टेजची टेस्ट, लागते. १२ केव्ही क्लासच्या ब्रेकरची कारखान्यातली टेस्ट २८ केव्ही एक मिनिट, साइटवर सहसा त्याच्या ८० टक्के, म्हणजे २२ केव्हीच्या आसपास घेतात, मेकरचं पुस्तक जे म्हणेल ते. कॉन्टॅक्ट उघडे असलेल्या बॉटलवर एवढं व्होल्टेज दिलं की थोडे एक्स-रे निघू शकतात, त्यामुळे पुस्तकात दिलेल्या अंतराबाहेर थांबा आणि ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ नका.

बाकी कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स १०० अँपिअर डीसी सोडून मायक्रोओहममध्ये घ्यायचा, आणि तो तीन फेजमध्ये एकमेकांशी आणि ब्रेकर पहिल्यांदा सप्लायवर घेतला तेव्हाच्या रिपोर्टशी ताडून बघायचा. टायमिंगला तीन पोलमधला, म्हणजे तीन फेजच्या कॉन्टॅक्टमधला फरक ऑन होताना ५ मिलिसेकंद आणि ऑफ होताना ३.३ मिलिसेकंदाच्या आत. कॉन्टॅक्ट किती झिजले ते दांड्यावरच्या खुणेवरून कळतं, मेकरची मर्यादा ओलांडली की बॉटल बदलायची, आणि एक फेजची बदलली तरी तिन्ही पोलचं टायमिंग परत घ्यायचं.

काम झालं की आत राहिलेला पाना आणि कापड मोजून बाहेर काढा. दाराचं गॅस्केट बघा, केबल येते ती भोकं सील करा, कारण पावसाळ्यात पाली, उंदीर आणि गांधीलमाश्या तिथूनच शिरतात आणि टर्मिनलवर पाल अडकली की फीडर उगीच ट्रिप होतो. हीटर चालू करा, कोकणात तर तो बाराही महिने चालू लागतो. डीसी फ्यूज आणि मोटरचा एमसीबी घातला की स्प्रिंग भरल्याचा आवाज ऐका, आयसोलेटर उघडे असतानाच कंट्रोल रूममधून एकदा ऑन आणि फॉल्ट ओळखून ट्रिप देणाऱ्या प्रोटेक्शन रिलेकडून एकदा ट्रिप घ्या, ऑपरेशन काउंटरचा आकडा रजिस्टरला लिहा. मग ब्रेकर ऑफ आहे हे परत एकदा फ्लॅगवर बघून अर्थ काढा, माणसं मोजा, परमिट परत करा, आणि त्यानंतरच आयसोलेटर लावा.