मधुमेह आणि हिपॅटायटिस सी : या चुका टाळा

मधुमेह असलेल्या घरात साखरेच्या आकड्यावर सर्वांचे लक्ष असते; तो आकडा काढताना बोटातून निघणाऱ्या रक्ताच्या थेंबाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते, आणि हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार तर रक्तातूनच पसरतो. कोरेगाव तालुक्यातील माझ्या मावशीकडे बोट टोचण्याचे पेन मी उघडून पाहिले, तेव्हा टोपणाच्या आतल्या कडेला वाळलेल्या रक्ताचा तांबूस ठिपका दिसला. मावशी, काका आणि शेजारच्या आजी असे तिघेही तेच पेन वापरत होते आणि सुई दर वेळी बदलतो म्हणून निर्धास्त होते. सुई बदलली तरी टोपण तेच राहते, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही काही दिवस तग धरू शकतो. म्हणून हे पेन ज्याचे त्यानेच वापरावे. इन्सुलिनच्या पेनालाही हाच नियम लागू आहे, कारण टोचताना रक्ताचा अंश मागे औषधाच्या नळीत शिरू शकतो. लोणंद-फलटण भागात पालखीच्या वेळी किंवा गावच्या शिबिरात साखर तपासताना आपल्यासमोर नवी, एकदाच वापरायची सुई उघडायला सांगावी. त्यात संकोच मुळीच नको.

कावीळ झाली नाही म्हणजे यकृत ठणठणीत आहे, हा समज तितकाच घातक आहे. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही. हा विषाणू शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, तर मधुमेहामुळे यकृतावर व्रण धरण्याचा वेग वाढतो. म्हणजे दोन्ही आजार एकमेकांना बळ देतात. म्हणूनच प्रत्येक प्रौढ मधुमेहीने, आणि पूर्वी रक्त चढवलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्यांनी तर नक्कीच, हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

अहवाल वाचताना होणारी गल्लत वेगळी. अँटी-एचसीव्ही (या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली की घरात रडारड सुरू होते, परंतु ती चाचणी विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढेच सांगते. तो आजही आहे का, हे रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधणाऱ्या आरएनए चाचणीवरूनच कळते. बरे झाल्यावरही पहिली चाचणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते, त्यामुळे तीच पुन्हा करून घाबरू नये. आपल्याकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात ती सहसा हिपॅटायटिस बी. तिची लस घेतली असली तरी सीपासून संरक्षण मिळत नाही, कारण सीवर लसच नाही.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो काविळीच्या झाडपाल्याच्या औषधात. सोफोसबुविरसारख्या गोळ्यांचा साधारण 12 आठवड्यांचा उपचार घेतल्यास 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. त्यासाठी जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. गोळ्या सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी चुकवू नये, कारण उपचारादरम्यान तो दबलेला आजार उसळू शकतो.

उपचार सुरू असताना हात थरथरू लागले, दरदरून घाम आला, तर त्याला अशक्तपणा समजू नये. विषाणू कमी होताच इन्सुलिनचा परिणाम वाढतो आणि जुनाच डोस जास्त ठरून साखर खाली येते. अशा वेळी लगेच साखर मोजावी, 70 च्या खाली असल्यास ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी घ्यावे आणि डोस मनाने न बदलता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. यकृत आधीच आकसले असेल, तर विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सोडू नये.