व्हिडिओवरून रॉक बेस शिकताय? या चुका टाळा

फोनच्या स्पीकरवर बेस शिकू नका. चार तारांच्या बेस गिटारला जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा तारा; सगळ्यात जाड ई तार 41 हर्ट्झची, म्हणजे फार खालच्या सुराची. फोन तिचे फक्त वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत उठणारे उंच उपसूर, ऐकवतो. इंदूरच्या रामबागेतल्या एका मुलाने तीन महिने असाच सराव केला. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मोठे स्पीकर लागले आणि पहिल्याच गाण्यात नुसता गडगडाट. साउंडवाल्याने बेस निम्म्यावर आणला, तरी गुरगुर जाईना. सूर बरोबर होते हो, पण न वाजवलेल्या तारा घुमत होत्या.

घरी तपासून बघा. हेडफोन लावा, ए तारेच्या 5 व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) डी वाजवा आणि लगेच थांबवा. शेजारची मोकळी, म्हणजे बोटाने न दाबलेली, डी तार त्याच सुराची, म्हणून न छेडताही बोलत राहते. व्हिडिओतला वादक हे सगळे सवयीने दाबतो, त्यामुळे सांगायचे बहुधा राहून जाते. उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या पट्टीवर) खिळवून ठेवू नका: ए वाजवताना तो ई तारेवर, डी वाजवताना ए वर, आणि त्याची कड ई ला लागलेली. छेडलेले बोट मागच्या जाड तारेवर येऊन थांबू द्या. डाव्या तर्जनीचा सपाट भाग बारीक तारांवर नुसता टेकवा, दाबू नका. काम कंटाळवाणे आहे, म्हणून तर पोरे इथून पळतात आणि थेट स्लॅपवर, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोका मारण्यावर, उडी मारतात.

दुसरी चूक ट्यूनिंगची. पुष्कळ रॉक बँड अर्धा सूर उतरवून वाजवतात. शिकणारा साध्या ट्यूनिंगवर बसून प्रत्येक जागा एक फ्रेट मागे घेतो आणि मोकळी ई आली की अडकतो, कारण तिच्या मागे फ्रेटच नाही. आधी व्हिडिओतली मोकळी तार आपल्या तारेशी ताडून बघा. जुळली नाही तर चारही तारा ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅटवर उतरवा.

डाव्या हाताचे बोट दोन फ्रेटच्या मधोमध नको, पुढच्या फ्रेटला लागून मागे.

तार छेडताना उजव्या हाताची तर्जनी-मधले बोट आलटून पालटून. एकाच बोटाने रेटू नका.

व्हिडिओ 0.75 वेगाने चालेल, पण त्यातला तुकडा आधी मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला 60 ठोक्यांना बसवा. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत फिरल्यासारखे दहा धड्यांचे एकेक घास घेऊन काही होत नाही.

उन्हाळ्यात पहिल्या फ्रेटांवर तार खरखरली तर ट्रस रॉड (गळ्याच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी सळई) सैल करावा लागेल. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा ट्यून करून बघा.