धोळावीरा पाहायला जाताना या चुका टाळा

कच्छच्या खडीर बेटावरच्या धोळावीऱ्याला ‘बालेकिल्ला’ आहे, एवढेच ऐकून निघालेल्या मराठी पर्यटकाची पहिली चूक घरीच होते, कारण आपल्या डोळ्यांसमोर लगेच रायगड उभा राहतो. इथे चढण्यासाठी डोंगर नाही आणि तोफा किंवा रायगडासारखा महादरवाजाही नाही. सपाट माळावर दगडी तटबंदीचा उंचवटा आहे आणि तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या हडप्पा संस्कृतीचा आहे. बुरुज शोधत फिरणारा माणूस अर्ध्या तासात कंटाळून परततो.

पाहायचे असते ते पाणी. बारमाही नदी नसलेल्या या प्रदेशात मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी बंधारे घालून वळवलेले होते आणि ते साठवण्यासाठी तटाच्या आत टाक्यांची मालिका होती. बालेकिल्ल्याच्या पूर्वेची टाकी सुमारे ७३ मीटर लांब आहे, आणि दक्षिणेला तर टाक्या कातळातच कोरलेल्या आहेत. बहुतेक लोक माथ्यावर छायाचित्र काढून तिथूनच मागे फिरतात आणि या टाक्या राहून जातात, ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक होय. ती झालीच असेल, तर गाडीत बसण्यापूर्वी पुन्हा आत जावे.

नगराची मांडणी लक्षात येत नसल्यास बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजापाशी उभे राहावे. समोरचे लांबरुंद मोकळे मैदान, त्यापलीकडचे मध्यनगर आणि पूर्वेकडचे खालचे नगर हा क्रम तिथून उलगडतो. हडप्पा लिपीतल्या दहा मोठ्या चिन्हांची प्रसिद्ध पाटी याच दरवाजाच्या दालनात सापडली. मात्र ती उघड्यावर मांडलेली नाही, त्यामुळे रखवालदाराकडे तिचा हट्ट धरू नये.

दुपारी पोहोचणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. अवशेषांवर सावली जवळजवळ नाही, म्हणून उशीर झाला असल्यास आधी संग्रहालय पाहून ऊन उतरल्यावर अवशेषांकडे वळावे. पुरातत्त्व खात्याची स्थळसंग्रहालये बहुधा शुक्रवारी बंद असतात, तेव्हा वार पाहूनच बेत आखावा. खावडा गावाहून रणातून येणारा सरळ रस्ता देखणा आहे, पण तिथे इंधनाची आशा ठेवू नये. गाडीची टाकी खावड्याच्या आधीच भरावी. नाहीतर दोन्ही बाजूंच्या पांढऱ्याशुभ्र मिठाकडे पाहण्याऐवजी सगळे लक्ष इंधनाच्या काट्याकडे लागते.

खापराचे तुकडे पायाखाली सहज दिसतात. ते उचलून खिशात टाकणे हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय जागेवरून हललेल्या खापराचा थर आणि संदर्भ हरवतो आणि अभ्यासकाला त्यातून फारसे काही वाचता येत नाही. मुलांनी एखादा तुकडा उचललाच, तर तो जिथून घेतला तिथेच लगेच ठेवायला सांगावे.