बोटीवरच्या आजोबांचा शोध घेताय? या चुका टाळा

“आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते.” निम्मे शोध या वाक्यापाशीच वाट चुकतात. कोकणात ‘बोटीवर होते’ म्हणजे बहुतेक वेळा व्यापारी जहाजावर. रॉयल इंडियन नेव्ही हे वेगळं खातं, त्याचे कागद वेगळे. समुद्रातच राहिलेल्यांच्या नावांची नोंदवही मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. तिच्यात नौदलाची नावं सुमारे ४००, व्यापारी जहाजांवरची जवळपास ६,०००. आता तुमचे आजोबा कुठले असतील, तुम्हीच ठरवा.

मीही आजीच्या शब्दावर आठ महिने नौदलाच्या मागे घालवले. शेवटी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरांच्या घडीखाली सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, सापडलं. बोटीचं नाव, चढल्या-उतरल्याची तारीख, वर्तणुकीच्या रकान्यात ‘व्हेरी गुड’चा शिक्का. तेव्हापासून घरची ट्रंक उपसल्याशिवाय मी कॉम्प्युटर उघडत नाही. लोक उलट करतात, आणि मग मला रात्री अकराला फोन.

आणि हो, जिवंत परत आलेल्या आजोबांना मृतांच्या यादीत शोधू नका. हसू नका, लोक शोधतात.

दुसरी चूक नावाची. लालबागचे एक गृहस्थ, आडनाव भंडारी. युद्धात गेलेल्यांच्या ऑनलाइन यादीत त्यांना आजोबांचंच नाव आणि पुढे ‘भंडारी’ दिसलं. लगेच प्रिंट, लॅमिनेशन, भिंतीवर फ्रेम, वर चंदनाचा हार. मी घरी गेलो तेव्हा सहज विचारलं, वडिलांचं नाव जुळतंय का? वय? कुणी पाहिलंच नव्हतं. तो रकाना हुद्द्याचा होता. बोटीवर भंडारी म्हणजे स्वयंपाकी! माणूस भलत्याच गावचा. कुणाचा कोण, वर्षभर परक्या घरात हार घालून बसला होता बिचारा. सारंग, तांडेल, टोपाज हेही हुद्देच. त्या यादीत आडनाव असेलच असं नाही. बरेचदा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच. तेही साहेबाच्या कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. मी आधी एका कागदावर दहा-बारा इंग्रजी स्पेलिंगं काढतो आणि एकेक घालून बघतो. कंटाळवाणं आहे. दुसरा उपाय मला माहीत नाही.

गावाच्या बाबतीत एवढंच: मालवण, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, सिंधुदुर्ग झाला १९८१ मध्ये. आणि कागदावरचा ‘कुलाबा’ हा बहुधा आजचा रायगड जिल्हा. गेटवेजवळ चाळ शोधत फिरू नका.

घरच्या आठवणी वर्षंही सरकवतात. “युद्धात बोट बुडाली” म्हणून एक बाई दोन वर्षं टॉर्पेडो लागलेल्या बोटींच्या याद्या चाळत होत्या. बोट निघाली ‘रामदास’. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडालेली, १७ जुलै १९४७. युद्ध संपून दोन वर्षं होत आली होती आणि आजोबा खलाशी नव्हे, उतारू होते. ‘टिलावा’ ही टॉर्पेडोने बुडालेली प्रवासी बोट मात्र खरंच युद्धातली, २३ नोव्हेंबर १९४२. पण प्रत्येकाचे आजोबा टिलावावरच कसे असतील?

बोट नुसत्या नावाने शोधू नका. एका नावाच्या चार निघतात, नावं बदलतात. बोटीच्या नोंदणीचा ऑफिशियल नंबर बदलत नाही. सीडीसीत बोटीच्या नावाजवळ तो बघा. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, बीटी ३८१ या मालिकेत, दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांच्या याद्या याच नंबराने लावल्यात. “एका रविवारात होईल ना?” विचारणाऱ्यांना मी आता नंबर पाठवतो आणि गप्प बसतो.

पहिल्या महायुद्धातलं पदक घरात असेल तर चिंच-मीठ लांब ठेवा. कडेवर नाव कोरलेलं असतं. एका घरी ते दर दिवाळीत तांब्या-पितळेबरोबर घासून निघत होतं. लखलखीत. भिंगाखाली धरलं, तर नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसली.