पेरणीच्या आधी हजेरीचं गणित

शेतीचे हिशेब तपासायचं माझं काम. खत, औषधं, डिझेल यांच्या नोंदी बहुतेक ठिकाणी चोख असतात. मजुरांबद्दल मात्र एकच वाक्य ऐकू येतं: "माणसंच मिळत नाहीत." कोणत्या आठवड्यात, कोणत्या कामाला आणि किती कमी पडतात, असं विचारलं की समोरचा गप्प होतो.

म्हणून आधी वही घ्या. वर्षाचे ५२ आठवडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे लागणारे मनुष्यदिवस (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मनुष्यदिवस) मांडा. समजा, द्राक्षांच्या तोडणीला ६० मनुष्यदिवस लागतात आणि माल चांगला राहील असे १० दिवस हातात आहेत. ६ माणसं पुरतील असं वाटतं ना? आता पावसाचे २ दिवस आणि सुट्टीचा १ वजा करा. उरले ७, म्हणजे माणसं लागली ९. रोज एखादा खाडा पडणारच, तेव्हा १० धरा. सहाच्या भरवशावर बसलेला माणूस पुढे नशिबाला दोष देत बसतो, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

मग थांबू शकणारी कामं आणि न थांबणारी कामं वेगळी करा. दूध काढणं एक वेळही चुकवता येत नाही. स्ट्रॉबेरी पिकली की तोडावीच लागते. बटाटा मात्र जमिनीत काही दिवस कळ काढतो. खुरपणी फसवी असते. ती पुढे ढकलता येईलसं वाटतं, पण तण वाढलं की तेवढ्याच रानाला जास्त हात लागतात आणि पिकाचं नुकसान होतं ते वेगळंच.

वहीत एखादा आठवडा फुगलेला दिसला तर माणसं शोधण्याआधी तो आठवडाच पसरवता येतो का, ते बघा. लवकर, मध्यम आणि उशिरा येणारे वाण घ्या, किंवा लावण टप्प्यांनी करा. यात एक मेख आहे. थंडीत १० दिवसांच्या अंतराने पेरलेले वाटाण्याचे तुकडे पुढे ऊन वाढलं की जवळजवळ एकदमच तयार होतात. त्यामुळे कॅलेंडर न बघता पहिला तुकडा उगवून आला की दुसरा पेरा.

माझ्या मते खरा धोका संख्येत कमी आणि एकाच माणसावर विसंबण्यात जास्त असतो. सगळी टोळी एका मुकादमाच्या हातात, पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह एकालाच ठाऊक, ट्रॅक्टर चालवणारा एकच. यंत्र घेतलं म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका. दहा जणांची गरज संपते, पण तो एक चालक आजारी पडला की सगळंच थांबतं. प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दुसरा माणूस तयार करा. नुसतं दाखवून भागत नाही. पहिला शेजारी उभा असताना दुसऱ्याने ते काम पूर्ण करायला हवं.

मजुरीबद्दल थोडक्यात: उक्त्याने काम पळतं, पण निवड आणि छाटणीसारखी नजरेची कामं रोजाने द्या. पगाराचा वार हलवू नका. उचल दिली तर दोघांच्या सह्यांनिशी लिहा.

आजारपण आणि अपघात हेही हजेरीचेच प्रश्न आहेत. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, तेव्हा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. फवारणीनंतर रानात कधी शिरायचं ते औषधाच्या लेबलवर असतं. टोळीला बोलवायची तारीख त्यावरून ठरवा. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेलं अवजार चालवणारा मागचा फिरता शाफ्ट, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पदर किंवा बाही अडकली तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. शाफ्टवर झाकण नसेल तर ट्रॅक्टर सुरू करू नका.

एवढं करूनही एखाद्या सकाळी निम्मीच माणसं येतील. त्या दिवशी कोणता तुकडा आधी घ्यायचा आणि कोणता सोडायचा, ते हंगामाआधीच लिहून ठेवा. उरलेल्या मालाच्या किमतीतून तोडणी आणि वाहतूक वजा केल्यावर काही शिल्लक राहत नसेल, तर तो तुकडा खुशाल सोडा आणि तिथली माणसं दुसरीकडे लावा. माल कमी येणार हे खरेदीदाराला आदल्या संध्याकाळी कळवता आलं तर उत्तम. नाहीतर हजेरी घेतल्याबरोबर लगेच.