साखळीवर हल्लेखोरांची यादी: मोजकंच लिहा, मुदतीसह लिहा

मोबाइल ऑपरेटरांनी नेटवर्क गुदमरवणाऱ्या हल्लेखोरांची यादी ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांकडे सारखी प्रत असलेल्या नोंदींच्या साखळीवर ठेवायची, तर ती साखळी स्वतः हल्ला अडवत नाही, हे आधी पक्कं करा. पॅकेट (डेटाचे तुकडे) अडवायचं काम राउटरचंच. साखळीमुळे एका ऑपरेटरला दिसलेला हल्लेखोर इतरांनाही कळतो, कुणा एकाच्या सर्व्हरवर विसंबावं लागत नाही. एवढंच.

मी प्रयोगशाळेत हे उभं करतो तेव्हा बिटकॉइनसारखी खुली साखळी घेत नाही. तिथे एका ब्लॉकलाच सरासरी १० मिनिटं लागतात, तोवर नेटवर्क आडवं! हायपरलेजर फॅब्रिक घ्या, म्हणजे फक्त ओळखीच्या सदस्यांची साखळी. ऑर्डरर, म्हणजे नोंदींचा क्रम लावणारे सर्व्हर, राफ्टवर (बहुमताने एकमत करायची पद्धत) चालवा, ५ ठेवा. २ पडले तरी काम चालतं.

नोंदीत आयपी पत्ता, पोर्ट, वेळ आणि मुदत. मुदत हवीच, कारण मोबाइलवर एका आयपीव्ही४ पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. तो कायमचा बंद केला तर निरपराधही बाहेर. म्हणून आधी नुसता वेग कमी करा. पूर्ण बंदी दोन ऑपरेटरांच्या सहीनंतरच. ग्राहकाचा आयएमएसआय क्रमांक (सिमची ओळख) साखळीवर कधीच नको. तिथलं सहजी पुसता येत नाही.

नोंदी वाचून राउटरला फ्लोस्पेक नियम (कुठली पॅकेट अडवायची किंवा मंदावायची ते सांगणारे) पाठवणारी स्क्रिप्ट वेगळ्या व्यवस्थापन जाळ्यावर चालवा, नाहीतर हल्ल्यात पहिली तीच गुदमरेल.