घरी बसून वैद्यकीय शिक्षण घेताना: हरवलेली पावले परत कशी आणावीत

वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी वेगळा व्यायाम करत नसला, तरी दिवसभर चालत असतो. वसतिगृहातून मेस, मेसमधून डिसेक्शन हॉल (शवविच्छेदनाची खोली), मग ओपीडी, वॉर्ड, ग्रंथालयाचे जिने आणि रात्री चहाची टपरी, या चालण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, लेक्चर मोबाइलवर आले आणि ही पावले एका दिवसात संपली. त्यांच्याबरोबर वाटेतल्या गप्पाही संपल्या. त्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र पडद्यावरून शिकवताना हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. आज नीट-पीजीची, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी घरी बसून रेकॉर्ड केलेल्या लेक्चरवर करणाऱ्यांची अवस्थाही फारशी वेगळी नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मोजण्यापासून करावी. तीन दिवस मोबाइल खिशात ठेवून पावले नोंदवा, झोपेची आणि उठण्याची वेळ लिहा, आणि संध्याकाळी मन कसे होते ते एका शब्दात टिपून ठेवा. या तीन दिवसांत काहीही सुधारण्याचा प्रयत्न करू नका, कारण आपण प्रत्यक्षात किती बसतो हे आधी कळायला हवे.

त्यानंतर पलंगावर लोळून लेक्चर ऐकणे बंद करा. वेगळी खोली किंवा टेबल नसले तरी मार्ग निघतो. माझी एक विद्यार्थिनी दोन खोल्यांच्या घरात राहत होती. दुपारी आईचे आवरून झाले की ती स्वयंपाकाच्या ओट्यावर डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून औषधशास्त्राचे लेक्चर उभ्यानेच ऐकत असे. बसून ऐकायचे असेल, तर दर पाऊण तासाने उठून वीस वेळा टाचा उचला. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते, हे तुम्ही उत्तरपत्रिकेत लिहिता. ते स्वतःच्या पायांना लागू करायला वेळ फारसा लागत नाही.

आठवड्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात दिलेले आहे: प्रौढांसाठी १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग म्हणजे मध्यम श्रम. रोज अर्धा तास गच्चीवर किंवा जिन्यावर चालले, असे पाच दिवस केले, तर १५० मिनिटे भरतात. सूर्यनमस्कार आणि भिंतीला हात टेकून काढलेल्या जोर-बैठका यांना सतरंजीएवढी जागा पुरते. मात्र ही वेळ लेक्चरसारखीच वेळापत्रकात लिहा. ‘अभ्यास संपल्यावर करू’ असे म्हटले, तर एमबीबीएसचा अभ्यास कधी संपतच नाही.

मनासाठी सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे चालता चालता व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षेचा सराव. बॅचमेटला फोन लावा, दोघांनीही आपापल्या ठिकाणी चालायला लागा; एकाने ब्रॅकियल प्लेक्ससच्या (हाताला जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या) शाखा विचाराव्यात, दुसऱ्याने सांगाव्यात. शेवटची दहा मिनिटे अभ्यासाचा विषय काढू नका. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘ठीक’ एवढेच उत्तर येते, म्हणून ‘काल किती वाजता झोपलास?’, ‘आज जेवलास का?’ असे नेमके विचारा. आठवडाभर कॅमेरा बंद ठेवणाऱ्या आणि ग्रुपवर गप्प झालेल्या मित्राला पहिला फोन करा.

चालण्याने बरे वाटते, पण ते उपचाराची जागा घेऊ शकत नाही. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, वाचलेले डोक्यात न शिरणे असे दोन आठवडे जवळपास रोज होत असेल, तर स्वतःच निदान करत बसू नका आणि सीनियरच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या घेऊ नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांक दिवसरात्र चालतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी उठवा आणि हा क्रमांक लावा.